णमोकारात अरिहंत आधी का, आणि रविवारचा चौका

ती. आई-बाबा,

सा. न. जय जिनेंद्र.

बाबा, सिद्धांची, म्हणजे देह सोडून मोक्षाला गेलेल्या आत्म्यांची, आठही कर्मं संपली, मग णमोकारात, आपल्या नमस्कारमंत्रात, अरिहंत (देहात असतानाच केवलज्ञान झालेले) आधी का, असं तुम्ही विचारलंत. अरिहंतांची चार घातिकर्मंच (आत्म्याचे गुण झाकणारी) गेलेली, देह अजून आहे. पण देह आहे म्हणून दिव्यध्वनी, म्हणजे त्यांचा उपदेश, आहे, आणि तो खिरला, म्हणजे प्रकट झाला, म्हणूनच सिद्ध असतात हे आपल्याला कळलं. पदानं सिद्ध मोठे, उपकारानं अरिहंत. आज भरतक्षेत्रात, म्हणजे आपल्या या भूमीत, अरिहंत नाहीत. म्हणून मंत्रातले पुढचे तिघे आपले गुरू: आचार्य दीक्षा-प्रायश्चित्त देतात, उपाध्याय शिकवतात, साधू २८ मूलगुण (मुनींचे मूळ नियम) जगून दाखवतात. आपल्याकडे विरळ झालेली ही मुनिपरंपरा भोज गावच्या आचार्य शांतिसागर महाराजांनी पुन्हा चालती केली. १९५५ मध्ये कुंथलगिरीला त्यांची सल्लेखना (आहार सोडत व्रतानं देह ठेवणं) झाली.

गुरू वाट दाखवतात, आपलं कर्म त्यांना खोडता येत नाही. म्हणून रविवारी मुनिमहाराजांकडे नातवाच्या लग्नासाठी ताईत मागू नका (आई, हे तुला!).

आता रविवारचा चौका, म्हणजे महाराजांच्या आहारासाठीचा शुद्ध स्वयंपाक. पावसाळ्यात पीठ तीन दिवसांच्या आतलंच हवं. पाणी दुहेरी जाड कापडानं गाळा, जिवाणी (कापडावर राहिलेले जीव) त्याच विहिरीत हळू सोडा, मग पाणी उकळा. पडगाहनाला, म्हणजे दारात महाराजांना आहाराला बोलावताना, ‘नमोस्तु, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ’ म्हणताना गडबड नको. महाराज पुढे गेले तर मनाला लावून घेऊ नका. त्यांनी मनात धरलेला विधी (आहार घेण्याची अट) दुसऱ्या दारी जुळला असेल. आले तर उच्चासन, पादप्रक्षालन, पूजन, नमस्कार आणि मन, वचन, काय, आहार या चार शुद्धी बोलायच्या. पडगाहनासह ही नवधा भक्ती.

चुकतं ते इथून पुढे. घासात केस किंवा मेलेला किडा निघाला की अंतराय, म्हणजे महाराजांचा आहार तिथेच थांबतो. त्या दिवशी मग पाणीसुद्धा नाही, थेट दुसऱ्या दिवशीच. त्यामुळे आई, केस घट्ट बांधून पदराखाली घे. शोधनाला (अन्न नीट तपासायला) बाबांनी बसू नये, मोतीबिंदूच्या डोळ्यांना भातातला केस दिसत नाही. चांगल्या नजरेचं कुणीतरी खिडकीच्या उजेडात ताट शोधू दे. महाराज ओंजळीतच जेवतात; तिच्यातून घास खाली पडला तरी अंतरायच, म्हणून घास लिंबाएवढे, आणि आधीचा गिळून झाल्यावरच पुढचा. बाबांचा हात थरथरतो, तेव्हा पाणी आईनं घालावं, बारीक धारेनं. बाबांनी महाराजांचा कमंडलू (पाण्याचं भांडं) उकळून गार केलेल्या पाण्यानं भरून ठेवावा.

तुमचा,
बाळू