आई, मीठ सोडलेलं नाही पण बीपी छान आहे

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर आई रडायला लागली की माझं अर्धं सांगायचं राहतं म्हणून टाईप करून पाठवतेय, बाबा, चष्मा लावा आणि तिला मोठ्याने वाचून दाखवा.

पहिलं म्हणजे माझं गरोदरपणातलं बीपी. परवा 118/74 होतं. 140/90 च्या वर गेलं की हे लोक लगेच धावपळ करतात, तेवढं काही नाहीये. पाय संध्याकाळी जरा जड होतात पण चेहरा-हात सुजलेले नाहीत, डोकं दुखत नाही, डोळ्यांपुढे चमकत नाही, बरगडीखाली दुखत नाही. यातलं काही झालं तर रात्री-अपरात्री फोन करायचा नंबर फ्रिजवर लावलाय.

आणि इकडची, इंग्लंडमधली, एक गंमत सांगते. इथे डॉक्टर दिसतच नाही गं, सगळं मिडवाइफ, म्हणजे शिकलेली सुईण, बघते, आणि दर वेळी जाताना लघवीची बाटली घरूनच भरून न्यायची! ती पर्समध्ये, पर्स मांडीवर, मी लेस्टरच्या बसमध्ये, शेजारची आजी हवापाण्याच्या गप्पा मारतेय. मिडवाइफ त्यात पट्टी बुडवते, रंग बघते, बाटली परत माझ्याच हातात. प्रोटीन उतरतंय का ते बघतात, कारण वीस आठवड्यांनंतर बीपी वाढून लघवीत प्रोटीन आलं तर तो प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे तुला माझ्या वेळी झालेला त्रास. तेव्हा तुझी कुणी दर वेळी अशी पट्टी बघितली असती तर, असं येतं मनात.

ॲस्पिरिनवरून एवढी चिडू नकोस. हार्टवाल्यांचीच गोळी आहे, पण छोटा डोस, 75 मिलिग्रॅमच्या दोन. पहिलटकरीण आणि आईला हा त्रास झालेला, म्हणून तिसऱ्या महिन्यानंतर मिडवाइफने सुरू करून दिली, मी मनाने घेत नाहीये. आणि गरोदरपणात इथे गोळ्या फुकट मिळतात.

मीठ सोड मीठ सोड म्हणतेस, पण मीठ बंद करून हे टळत नाही म्हणे, गडबड वारेच्या रक्तवाहिन्यांत असते. पापड-लोणचं मी तशीही कमीच केलंय, खोटं नाही सांगत. दोन जिवांचं खा हेही इथे चालत नाही, शेवटच्या तीन महिन्यांत दिवसाला 200 कॅलरी जास्त, बास. पण कॅल्शियम कमी पडू द्यायचं नाही, म्हणून मेल्टन रोडच्या गुजराती दुकानातून नाचणी आणते, भाकऱ्या तुझ्यासारख्या फुगत नाहीत तो भाग वेगळा. डिंकाचे लाडू पाठवू नकोस, नंतर तू आलीस की इथेच कर.

पहिलं बाळंतपण माहेरी नाही हे मावशीला खटकलंय ते कळलं मला. तिला सांग, जावई सुट्टी टाकणारेत, एकटी नाहीये मी.

आता छकुलीचं लग्न. तारीख माझ्यासाठी पुढे ढकलू नका, मुलाकडच्यांना बरं नाही वाटणार. मला आठवा लागलेला असेल, एवढा लांबचा प्रवास नको म्हणतात. हॉलच्या ॲडव्हान्सचे पैसे बाबांच्या खात्यात टाकलेत, बघून घ्या. आईच्या व्हिसाची फी मीच भरणार, त्यावर वाद नको. आणि छकुलीला विचारा शालू आधी घ्यायचा की दागिने, मला दोन्ही चालतं, फक्त खरेदीला गेलात की व्हिडिओ कॉल लावा.

तुमची,
ताई