३०० चा आकडा आणि गेटवर अडवलेला माणूस

मा. संपादक,

मी १९ वर्षं पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कामगार कायद्याच्या केसेस मालकांच्या बाजूने चालवते. मालकांचे वकील तारखा घेऊन कामगाराला दमवतात असं लोक म्हणतात, ते ऐकून मनाला लागतं, पण खोटं आहे असं मी म्हणणार नाही, तसे वकील आहेत आणि ते चूकच करतात. फक्त आमचं खरं काम कोर्टात नसतं, ते मालकाला वेळेत "थांबा, असं काढू नका" सांगायचं असतं आणि छोटे मालक नेमके तेव्हाच येत नाहीत, नोटीस हातात पडल्यावर येतात.

३०० च्या आत कामगार असले की कुणालाही काढता येतं, असं समजणाऱ्या मालकांसाठी भोसरीतल्या एका वर्कशॉपची केस सांगते. ६०-६५ माणसं, त्यातला एक टर्नर, म्हणजे लेथ मशीन चालवणारा, ११ वर्षं कामाला. सुपरवायझरशी वाजलं आणि मालकाने फोनवर सांगितलं, उद्यापासून येऊ नको. ना मेमो, ना चार्जशीट (काय चूक केली हे लेखी सांगणारं आरोपपत्र), ना चौकशी. तो तीन दिवस डबा घेऊन गेटवर येऊन उभा राहिला, मग रजिस्टर पत्र पाठवलं की मी कामावर यायला तयार आहे, ते मालकाने घेतलंच नाही. माझ्याकडे फाईल आली तेव्हा मालकाचं एकच, मॅडम, तो स्वतःच यायचा बंद झाला. आणि समोरच्यांच्या कागदांत तो न फोडलेला लिफाफा, त्यावर पोस्टमनने निळ्या पेनाने लिहिलेलं, 'घेण्यास नकार'. आता यावर मी काय बोलणार? येत नव्हता तर बोलावणारं एक पत्र तरी पाठवलंत का, हे कोर्ट विचारणारच. गैरहजर राहिला म्हणून नाव आपोआप कमी केलं असं चालत नाही, त्याचं ऐकून घ्यावंच लागतं, हे सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्येच डी. के. यादव केसमध्ये सांगून ठेवलंय.

बरं, काम कमी झालं म्हणून काढायचं असतं तर एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षाचा १५ दिवसांचा पगार, म्हणजे ११ वर्षांचे १६५ दिवस, ग्रॅच्युइटी वेगळी. भांडणाचाच विषय होता तर सस्पेंड करून, निर्वाह भत्ता (सस्पेंड असतानाच्या काळात द्यायची ठरावीक रक्कम) देऊन नीट चौकशी लावता आली असती. त्याऐवजी केस सात वर्षं चालली. बेकायदा काढलेल्याला मागच्या पगारासकट परत घेणं हाच साधारण नियम, असं २०१३ च्या दीपाली सुरवसे निकालात आलंय, त्यामुळे प्रत्येक तारखेला मालकाचाच आकडा फुगत होता, हे मी त्यांना दर वेळी सांगायचे. शेवटी तडजोड झाली. सही करताना टर्नरने मालकाला विचारलं, माझी लेथ आहे का अजून? मालक खाली बघून हो म्हणाले.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे) लागू झाल्यापासून मला फोन येतायत की आता ३०० च्या आत कामगार असले की कुणालाही काढता येतं ना? नाही येत. तो आकडा कामगार कपात करताना किंवा कारखाना बंद करताना लागणाऱ्या सरकारच्या पूर्वपरवानगीचा आहे, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर नोटीस आणि भरपाई ६० माणसांच्या वर्कशॉपलाही द्यावीच लागते. एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनांनी एवढं तरी आपल्या सभासदांना लेखी कळवावं आणि कामगार आयुक्त कार्यालयाने ते मराठीत एका पानावर छापून द्यावं ही कळकळीची विनंती.

— एक वकील, पिंपरी