‘उंदरांवर’ हा शब्द मथळ्यात हवा होता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘मल्टिपल स्क्लेरोसिसवर कायमचा इलाज’ ही आपल्या आरोग्य पुरवणीतली बातमी आम्ही घरात चारदा वाचली. मला हा आजार होऊन अकरा वर्षं झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. सुरुवात डाव्या डोळ्यापासून झाली, फळ्यावरचा लाल खडू राखाडी दिसू लागला. मग उजवा पाय फरफटू लागला. सोलापूरच्या मे महिन्यात मी मानेवर ओला पंचा टाकूनच बसते, कारण ऊन चढलं की नजर अंधुक होते.

या आजारात आपल्याच रोगप्रतिकारक पेशी मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण नष्ट करतात. सध्याची औषधं या पेशींना आवरतात, त्यामुळे नवे झटके कमी येतात. पण जे आवरण गेलं ते औषधांनी परत येत नाही. म्हणूनच बातमीतला मूळ शोध मला मोलाचा वाटतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या डॉ. डेनिस फिट्झजेराल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की, इतर रोगप्रतिकारक पेशींना लगाम घालणाऱ्या ‘नियामक टी पेशी’ मायलिन पुन्हा तयार व्हायलाही मदत करतात. या पेशी नसलेल्या उंदरांत मायलिन नीट भरून येईना. पेशी परत दिल्यावर दुरुस्ती सुरू झाली. स्वतः फिट्झजेराल्ड यांना एकविसाव्या वर्षी मज्जारज्जूला सूज येऊन पुन्हा चालायला शिकावं लागलं होतं. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. अकरा वर्षं मी ज्या पेशींना वैरी समजत आले, त्यांच्याच गोतावळ्यात दुरुस्ती करणाऱ्याही आहेत!

पण हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, आणि बातमीत हा शब्द शेवटून दुसऱ्या ओळीत होता. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या संशोधकांनी पांढऱ्या पेशींचा एक प्रकार तुटलेले मज्जातंतू पुन्हा वाढवतो असं दाखवलं, तेही उंदरांतच.

एका शब्दासाठी एवढं का लिहिते, ते सांगते. सहा वर्षांपूर्वी अशीच एक बातमी वाचून अण्णा मला एका मोठ्या शहरातल्या ‘स्टेम सेल’ म्हणजे मूळ पेशींची इंजेक्शनं देणाऱ्या केंद्रात घेऊन गेले. भिंतीवर बातम्यांची कात्रणं फ्रेम करून लावली होती. चार इंजेक्शनांचे पैसे आधी भरायचे होते. अण्णांनी बार्शीजवळची दीड एकर जमीन विकली. पाय होता तसाच राहिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारात अशी स्टेम सेलची इंजेक्शनं फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, हे आम्हाला माझ्या न्यूरॉलॉजिस्टनी नंतर सांगितलं. तेवढी एक ओळ त्या बातमीत असती तर जमीन राहिली असती.

अशा बातम्या जरूर छापा, आम्ही त्यांची वाट पाहत असतो. फक्त प्रयोग कुणावर झाला ते मथळ्यातच येऊ द्या, आणि माणसांवरच्या चाचण्या कुठवर आल्या तेही विचारून लिहा. परवा अण्णांनी चष्मा काढून मला एवढंच विचारलं, “माणसांवर कधी गं?” मी बातमी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. त्याचं उत्तर तिच्यात नव्हतं.

आपली,
एक शिक्षिका, सोलापूर