कानकूनमधल्या अनोळखी माणसांचे आभार

मेक्सिकोतल्या कानकूनच्या विमानतळाबाहेर टॅक्सीवाल्यांच्या गराड्यातून आईची बॅग स्वतः उचलून आम्हाला एडीओ या बस कंपनीच्या तिकीट खिडकीपर्यंत सोडणाऱ्या काकूंचे मनापासून आभार. पैसे डॉलरऐवजी पेसोमध्येच द्या, हेही त्यांनीच सांगितलं. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकदादांचे उपकार तर फिटणारे नाहीत. मुलांना वाळूत बसवून त्यांनी बावटे समजावले: हिरवा असेल तर पोहा, पिवळा असेल तर जपून, लाल दिसला तर पाण्यात पाऊल नको, काळा म्हणजे किनारा बंद. वरून शांत, निळंशार दिसणारं ते पाणी आतून जोरात ओढतं! आणि टाकोच्या गाडीवरची ती ताई. आम्ही शाकाहारी कळताच तिने घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असल्याचं आपणहून सांगितलं, तवा घासून मक्याच्या पोळीवर चीज आणि निवडुंगाची भाजी भाजून दिली. आई पोटभर जेवली.