सुऱ्या, कुंदा हरलो मी

प्रिय सुऱ्या,

शिव्या घालणार आहेस ते माहीत आहे. वास्तुशांतीला आलो नाही, तुझा फोन उचलला नाही, नंतर करतो म्हणून मेसेज टाकला आणि त्याला आता सात महिने झाले. कारण म्हणशील तर काही नाही, आळस. घरी सगळं ठीक, आईची शुगर आहे तिथंच, बाबांचा गुडघा तसाच, पाऊस यंदा लई. झालं.

आता ऐक. डॉक्टरकाकांची मारुती झेन सापडली.

होय तीच. गोव्याला जावयाकडे गेली म्हणून आपण विषय सोडून दिलेला ना, कुठं गेली नव्हती बे, खानापूरलाच घरामागच्या गोठ्यात होती, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर भाताचं गवत. काकूंना गोठा पाडून पत्र्याचं शेड घालायचंय म्हणून मला माप घ्यायला बोलावलं होतं. मी कोपऱ्यातलं गवत बाजूला केलं तर आतून कोंबडी ओरडत बाहेर आली, मागच्या सीटवर अंडी घालून बसलेली. काळी गाडी, टायर चारी बसलेले, काचेवर काकांचं ते डॉक्टरचं लाल चिन्ह अजून आहे, फिकं गुलाबी झालंय.

टेप हातातच होता, पहिलं काय केलं तर दार मोजलं. मग मागं, जिथं मागचं दार असतं तिथं हात फिरवला. बिजागरीची खूण नाही, वेल्डिंगचा पट्टा नाही, आतलं अस्तर सुटलेलंच होतं ते ओढून बघितलं तर एकसंध पत्रा. दार नेहमीच्या झेनपेक्षा चांगलं लांब, पिलर मागं सरकलेला. पुढच्या सीटचा खटका ओढला तर सीट पुढं झुकली, बावीस वर्षांनी, विचार कर. म्हणजे कंपनीचीच तीन दारी. २००३ ची लिमिटेड एडिशन झेन कार्बन. आरपीडी कॉलेजच्या कट्ट्यावर तू कोकलून सांगत होतास आणि मी म्हणत होतो की काकांनी पोरं मागून दार उघडून पडतील म्हणून दारं वेल्डिंग करून घेतलीत. एक किलो कुंद्याची पैज होती, आपल्या बेळगावच्या मिठाईची. हरलो. पण एवढ्यासाठी पत्र लिहिलेलं नाही.

तुला आठवतं का, तुझ्या खोलीत फियाटच्या पालिओ एस-टेन गाडीचं कात्रण होतं, पिवळी जर्द, सचिनच्या सहीची. फियाटनं ५०० च काढल्या म्हणून तू असा सांगायचास जणू त्यातली एक तुझ्या नावावर बुक आहे. आणि मी म्हटलं की नेहमीच्या पालिओ १.६ जीटीएक्सला पिवळा रंग मारला, सही चिकटवली, झाली लिमिटेड, तर तू दोन दिवस बोलला नाहीस. त्याच २००२ ला सचिनला सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हातून फेरारी मिळाली, ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल, तर तू पेढे वाटलेस. साल्या, फेरारी त्याला मिळाली होती. पण माझं म्हणणं आजपण तेच आहे, बहुतेक लिमिटेड एडिशन म्हणजे स्टिकर आणि सीट कव्हर. कार्बनची गोष्ट वेगळी, हिचा सांगाडाच वेगळा. काळ्या कार्बन ३०० आणि चंदेरी स्टील ३००, देशभरात मिळून सहाशे. इंजिन मात्र आपलं नेहमीचंच, ९९३ सीसी, सगळं अ‍ॅल्युमिनियमचं. आणि आपल्याकडे तीन दारी गाडी घेणार कोण, आजीला मागं कोंबायचं कसं हा पहिला प्रश्न. काकांनी घेतली कारण काकांना कुणाला मागं बसवायचंच नव्हतं.

तर झालं काय, काकूंनी चहा दिला, पोहे दिले आणि म्हणाल्या, "भंगारवाला अठरा हजार म्हणायलाय रे, तू वीस दे आणि ने, घरातला आहेस." आणि मी, सुऱ्या, खिशातनं पाच हजार काढून इसार म्हणून त्यांच्या हातात ठेवले. एक शब्द बोललो नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं, काकांची आठवण तुझ्या दारात राहील. मी हसलो. पोहे संपवले. परत घेतले!

आल्यावर कोल्हापूरच्या एकाला फोन केला, जुन्या गाड्या गोळा करतो तो. नुसता फोटो पाठवला. म्हणाला, पेपर नीट असतील तर दीड लाखाला आत्ता उचलतो. रात्रभर झोप नाही. आनंदानं नाही, काय सांगू.

तुला बाबांची मारुती ८०० माहीत आहे. पाच गिअरची. दिसायला गल्लीतल्या सगळ्या ८०० सारखी, पण साध्या ८०० ला ३७ हॉर्सपॉवर आणि तिला ४५, बारा व्हॉल्व्हचं इंजिन, चोर्ला घाटाच्या चढाला तू खिडकीतनं हात बाहेर काढून मागच्यांना टाटा करायचास. ती आपण ४० हजाराला दिली. घ्यायला आलेल्या माणसानं बॉनेट उघडलं नाही, खाली वाकून टायर बघितले नाहीत, फक्त दार उघडून गिअरच्या मुठीवर हात ठेवला, पाचवा टाकून बघितला आणि बाबांना म्हणाला, "जुनी आहे, पण चालेल." तिची खरी किंमत त्याला माहीत होती हे नंतर आपल्याला कळलं तेव्हा तू त्याच्या आईपासून सुरुवात केली होतीस, माझी मुंज झाल्यापासून एवढ्या शिव्या मी ऐकल्या नव्हत्या. बाबा मात्र अजून म्हणतात, चांगला गिऱ्हाईक होता, घासाघीस केली नाही.

मी पण केली नाही बघ. वीस म्हणाल्या, वीस.

आता तू म्हणशील, जा आणि सांग, त्यात काय. तेच तर. मी स्वतःला कारणं द्यायलोय. म्हणतो, मी विकणार थोडाच आहे, मला चालवायचीय. म्हणतो, खर्च बघ किती आहे, बॉनेट, ब्रेक, सस्पेन्शन साध्या झेनचं बसेल पण त्या लांब दाराची काच आणि रबर कुठनं आणू, खालचा पत्रा खानापूरच्या पावसानं खाल्लाय, तो उद्यमबागेत मीच करीन, पण रेडिएटर गळत असणार आणि अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन एकदा तापलं की हेड वाकतं. रजिस्ट्रेशन २०१८ लाच संपलंय, आणि वीस वर्षांवरच्या गाडीची रिन्यूची फी २०२५ पासून १० हजार झालीय, दंड वेगळा. हा सगळा हिशेब कागदावर मांडला, खाली बेरीज केली, आणि बेरीज बघून बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

आणि पुढची गंमत. गाडी काकांच्या नावावर. माणूस गेल्यावर गाडी नावावर करायची तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती. वारस म्हणजे काकू आणि त्यांची पोरगी सुजी. हो, सुजी. जिच्यासाठी तू आठवड्याला दोनदा पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात जायचास आणि काका तुला ती कडू पांढरी पावडर द्यायचे. तिला सगळं कळत होतं हे तुला अजून कळलेलं नाही. ती दिवाळीला मडगावहून येणार, सहीच्या आधी ती मोबाईलवर गाडीचं नाव टाकून बघणारच, ती काय काकू नाही. म्हणजे मी आता सांगितलं तर ते खरेपणानं की सुजीच्या भीतीनं, हेच मला कळत नाही. सहीची भानगड नसती तर मी तोंड उघडलं असतं का? तू सोडून हे विचारू कुणाला. बायकोला विचारलं तर म्हणाली, पाच हजार कुठनं आणलेस ते आधी सांग.

तुझं काय चाललंय? फ्लॅटचे फोटो बघितले, गॅलरी मोठी आहे, हिंजवडीचं ट्रॅफिक तसंच असेल. पोरगीची दहावी ना यंदा, तिला माझा आशीर्वाद सांग, गणितासाठी तुझ्याकडे येऊ देऊ नको. वहिनींना नमस्कार.

रविवारी खानापूरला जाणार आहे. गोठ्याची किल्ली काकूंनी माझ्याकडेच दिलीय. त्यांना दीड लाखाचा आकडा सांगायचा आणि मग त्या म्हणतील ते, असं आज ठरवलंय. काल वेगळं ठरवलं होतं. शनिवारी रात्री फोन कर आणि शिव्या दे, म्हणजे सकाळपर्यंत टिकेल. आणि समजा त्या म्हणाल्या की मग कोल्हापूरवाल्यालाच दे बाबा, तर मी काय करायचं तेही सांग, कारण तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत, आणि ती गाडी दुसऱ्या कुणी चालवलेली मला बघवणार नाही.

तुझा,
पक्या

ता.क. कुंदा कुरियरनं पाठवणार नाही. येऊन खा.

ता.क. २. कोंबडी अजून गाडीतच आहे. काकू म्हणाल्या, पिल्लं निघेपर्यंत गाडी हलवायची नाही.