नाशिकच्या पांढऱ्या वाइनचा इतिहास पिंपळगावपासून सांगावा

महोदय,

द्राक्षांचा हंगाम आला की नाशिकच्या वाइनवर भरभरून लिहिले जाते आणि बहुतेक लेखांत तिचा इतिहास गंगापूर धरणाजवळच्या मळ्यापासून सुरू होतो. राजीव सामंत यांनी 1990 च्या दशकात तेथे सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जाती लावल्या, कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचे मार्गदर्शन घेतले आणि आई सुलभा यांच्या नावावरून ठेवलेल्या ‘सुला’ या नावाने 2000 साली या पांढऱ्या वाइन बाजारात आणल्या. हे काम मोठेच आहे. परंतु त्याआधी, 1980 च्या दशकात, शेतकरी संघटनेचे नेते माधवराव खंडेराव मोरे यांनी पिंपळगाव बसवंत येथे सहकारी तत्त्वावर वाइननिर्मितीचा घाट घातला होता आणि फ्रेंच तंत्राच्या साह्याने तेथे फसफसणारी वाइन तयार होत होती. त्याच दशकात जुन्नर तालुक्यातील नारायणगावला शामराव चौगुले यांनी शॅम्पेनच्या पद्धतीने केलेली वाइन परदेशात पोहोचवली. हे दोन्ही प्रयत्न आज एखाद्या वाक्यातही येत नाहीत, याचे निफाड तालुक्यातील बागायतदार म्हणून मला वाईट वाटते.

मळ्याविषयी तर त्याहूनही कमी लिहिले जाते. शेनिन ब्लां ही मूळची फ्रान्समधील लुआर नदीच्या खोऱ्यातील जात. तेथे हिवाळ्यात वेल झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून फळ धरणारी काडी तयार करायची, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी घ्यायची, त्या काळात पाऊस लांबला तर डाउनी या बुरशीजन्य रोगाशी झुंजायचे आणि जानेवारी ते मार्च या दिवसांत तोडणी करायची, असा क्रम येथील शेतकऱ्यांनी बसवला. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असल्याने साखर भरताना आंबटपणाही टिकून राहतो, आणि पांढऱ्या वाइनचा ताजेपणा त्या आंबटपणावरच अवलंबून असतो. ज्या हातांनी थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाचे घड जीए या वाढ संजीवकाच्या द्रावणात बुडवून मणी फुगवले, त्याच हातांना लहान मण्यांचे, मोजकेच घड वेलीवर राखायला शिकावे लागले. हे शिक्षण सोपे नव्हते.

राज्याच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर विंचूर (जि. नाशिक) आणि पलूस (जि. सांगली) येथे वाइन पार्क, म्हणजे वाइन उद्योगासाठीच्या खास वसाहती, उभे राहिले आणि वाइनच्या द्राक्षांची लागवड झपाट्याने वाढली. 2008 नंतरच्या मंदीत मागणी कोसळली, तेव्हा अनेकांना माल वेलीवरच सोडावा लागला आणि पुढे बागा उपटाव्या लागल्या. तो काळ वगळून केवळ यशाची कहाणी सांगणे मला योग्य वाटत नाही.

‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे; त्यामुळे खोऱ्याचे नाव राखले जाते, गावाचे नाही. म्हणून उत्पादकांनी पांढऱ्या वाइनच्या बाटलीवर द्राक्षे ज्या गावच्या मळ्यातून आली त्याचे नाव आणि तोडणीचे वर्ष मराठीतही छापावे, आणि आपल्या वृत्तपत्राने पिंपळगाव व नारायणगाव येथे त्या काळी काम केलेल्या बागायतदारांच्या व कामगारांच्या आठवणी, ती माणसे हयात आहेत तोवर, नोंदवून घ्याव्यात, ही विनंती.

एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड