पोवई नाक्यावरच्या कॉम्प्युटरवाल्या दादांना

दादा,

सप्रेम नमस्कार.

फोनवरच्या भामट्याच्या तावडीतून तुम्ही माझ्या वडिलांना, नानांना, सोडवलंत, त्याचे आभार व्हॉट्सअ‍ॅपवर मानता आले असते. पण तुम्ही हात जोडल्याची एक इमोजी टाकून मोकळे झाला असतात, आणि नानांच्या ज्या मित्रांनी हे वाचायला हवं त्यांच्यापर्यंत काहीच पोचलं नसतं. म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव मात्र घालत नाही. "त्यांच्या दुकानात आधीच पाय ठेवायला जागा नसते," असं नानांनी बजावलंय. साताऱ्यातल्यांना तसंही नाव सांगायची गरज पडणार नाही.

नोव्हेंबरात नानांना हयातीच्या दाखल्याचा फॉर्म छापायचा होता आणि प्रिंटर 'ऑफलाइन' म्हणून रुसून बसला होता. तुम्हाला फोन झाला होता, संध्याकाळी कार्ट्रिज घेऊन येतो असं तुम्ही सांगितलंही होतंत. पण नानांना तेवढा दम कुठला! त्यांनी गुगलवर प्रिंटरच्या कंपनीचं नाव टाकलं, पुढे 'हेल्पलाइन नंबर' लिहिलं, आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो फिरवला. तो कंपनीचा नव्हताच. पैसे भरून वर आणलेली कुणाची तरी जाहिरात होती.

पलीकडचा माणूस एकदम अदबशीर. "सर, आप बिलकुल टेन्शन मत लीजिए." आई म्हणते, जावयानेसुद्धा नानांशी इतक्या मऊ आवाजात कधी बोललं नसेल. प्रिंटर बघायचाय म्हणून त्याने लॅपटॉपवर दुरून ताबा घेता येणारं एक अ‍ॅप टाकायला लावलं, आणि मग प्रिंटर राहिला बाजूला. त्याने विंडोजचा 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून दाखवला. त्यात लाल खुणाच खुणा. हे सगळे व्हायरस, सर. नंतर काळ्या खिडकीत 'नेटस्टॅट' अशी आज्ञा दिली. आकड्यांची एक लांबलचक यादी सरकली, वर ठसठशीत 'फॉरेन अ‍ॅड्रेस' असा मथळा. बघा सर, परदेशातले लोक तुमच्या कॉम्प्युटरला जोडले गेलेत. तीन वर्षांच्या 'सिक्युरिटी'चे ४,९९९ रुपये नानांनी तिथल्या तिथे यूपीआयने भरले. मग म्हणे पैसे दोनदा कापले गेले, रिफंड करतो, मोबाइलवरही तेच अ‍ॅप घ्या आणि नेटबँकिंग उघडा. थोड्या वेळाने स्क्रीन काळी झाली आणि तीवर पांढऱ्या अक्षरांत आलं: अपडेट चालू आहे, बंद करू नका.

तुम्ही दारात आलात ते नेमके तेव्हा. नानांनी फोन कानाला तसाच धरून हातानेच तुम्हाला खूण केली, थांबा, कंपनीचा माणूस लाइनवर आहे.

पुढचं मी आईकडून इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथे होते असं वाटतं. तुम्ही "काय करताय हे!" म्हणून ओरडला नाहीत. काळ्या स्क्रीनकडे एकदा पाहिलंत, चप्पल न काढता सरळ टीव्हीच्या कपाटाशी गेलात आणि राउटरची पिन उपसलीत. मग नानांच्या हातातून मोबाइल हळूच काढून घेतलात, फोन कापलात, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकलात. आणि आईला म्हणालात, "काकू, जरा पाणी द्या. आणि बँकेचं एटीएम कार्ड कुठे असतं?"

कार्ड कशाला, ते आईला कळेना. तुम्ही ते उलटं करून मागे छापलेला नंबर तुमच्या फोनवरून लावलात. बँकेचा नंबरही गुगलवर शोधायचा नाही, कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचाच घ्यायचा, हे तुम्ही त्या गडबडीत, नंबर दाबता दाबता सांगितलंत. नेटबँकिंग आणि कार्ड बंद करून घेतलंत. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. तिथे खातं, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक, वेळ असं सगळं विचारतात. ते तुम्ही एकेक करून नानांकडून काढून घेतलंत आणि बँकेला कळवल्याची वेळ कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवलीत. तो कागद आईने अजून जपून ठेवलाय.

त्या वेळेचं महत्त्व मला नंतर वाचून कळलं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं म्हटलं होतं की ग्राहकाने स्वतःच्या हातून माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं; कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे 'आता जरा शांत होऊ, उद्या सकाळी शाखेत जाऊ' हा आपल्याकडचा नेहमीचा शहाणपणा इथे खिशाला भोक पाडतो. १९३० चंही तसंच. तक्रार नोंदवली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला निरोप जातो आणि तिथे रक्कम असेल तर अडवून धरतात. पण चोरही गाफील नसतात. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पैसे पुढे पुढे ढकलतात, मग एटीएममधून काढून घेतात. तक्रार आणि त्यांची ती पळापळ यांच्यात शर्यत असते, आणि ती तुम्ही आमच्यासाठी धावलात.

हिशेब असा झाला. ४,९९९ गेले. ४९,००० चा एक व्यवहार झाला होता, त्यातली काही रक्कम पुढच्या खात्यात अडकवली गेली. ती परत मिळायला न्यायालयाचा आदेश लागेल असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं, तो अर्ज केलाय. मोठं संकट मात्र टळलं. त्या माणसाने नानांची एफडी ऑनलाइन मोडून पैसे बचत खात्यात आणून ठेवले होते, ओटीपी त्याला मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून दिसत होते, आणि पैसे बाहेर नेण्यासाठी नवीन लाभार्थी जोडायचं काम चाललं होतं. राउटरची पिन त्या वेळी उपसली गेली.

एवढ्यावरही आभार मानले असतेच. पण मला लिहायला बसवलं ते तुम्ही दुसऱ्या दिवशी जे केलंत त्याने.

मधल्या रात्री नाना जेवले नाहीत. कुणाशी बोलेनात. एका नातेवाइकाने फोनवर "एवढे शिकलेले तुम्ही, आणि असे कसे फसलात?" असं विचारल्यावर तर त्यांनी खोलीचं दारच लावून घेतलं. जिल्हा परिषदेत आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं तपासलेला माणूस. सकाळी तुम्ही लॅपटॉप न्यायला आलात तेव्हा तुमच्या पिशवीत तुमचाही लॅपटॉप होता. तो तुम्ही नानांसमोर उघडलात आणि म्हणालात, "नाना, हा माझा. रोज वापरतो. आता इव्हेंट व्ह्यूअर बघा." त्यात नानांच्यापेक्षा जास्त लाल खुणा! कुठलाही धडधाकट कॉम्प्युटर दिवसभर असल्या बारीकसारीक कुरबुरी तिथे नोंदवत असतो. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, कुठे जोडणी झाली नाही, झालं. मग नेटस्टॅट. तिथेही तोच 'फॉरेन अ‍ॅड्रेस'. त्याचा परदेशाशी काही संबंध नाही, पलीकडच्या टोकाच्या कॉम्प्युटरचा तो पत्ता. तुम्ही ब्राउझरमध्ये एक बातमी उघडलीत आणि यादीत नव्या ओळी वाढलेल्या दाखवल्यात. नाना खुर्ची ओढून पुढे सरकले. आई सांगते, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा चहा मागितला.

त्यानंतर तुम्ही रिफंडची युक्तीही दाखवलीत. ब्राउझरमध्ये कुठल्याही पानावर राइट क्लिक करून त्यातला मजकूर आपल्या पडद्यापुरता बदलता येतो. एका बातमीच्या मथळ्यात तुम्ही नानांचं नाव घातलंत, 'सातारचे नवे जिल्हाधिकारी' म्हणून. असेच बँकेच्या पानावर ३०० चे ३०,००० करून दाखवतात आणि "सर, जास्त रिफंड गेला, माझी नोकरी जाईल, उरलेले परत करा" म्हणून रडतात. नाना मोठ्याने हसले. चोराची हत्यारं टेबलावर काढून ठेवल्यावर नानांमधला ऑडिटर जागा झाला, आणि फसलेला म्हातारा कुठच्या कुठे गेला.

बँका, पोलीस, वर्तमानपत्रं सगळे सांगतात, सावध राहा, ओटीपी देऊ नका. बरोबरच आहे. पण त्यातून फसलेल्या माणसाला एवढंच ऐकू येतं की तू सावध नव्हतास. युक्ती चालते कशी हे उघडून दाखवायला फार कुणी बसत नाही. आणि हा काही फक्त म्हाताऱ्यांचा रोग नाही. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत भारतातल्या दहापैकी सुमारे सात जणांच्या वाट्याला असला 'टेक सपोर्ट' आला होता, आणि सगळ्यात जास्त बळी पडले होते ते २४ ते ३७ वयाचे. हे मी त्या नातेवाइकांच्या चिरंजीवांना आवर्जून पाठवलं. (उत्तर आलेलं नाही.)

तुमच्या दुकानातल्या मुलाने सांगितलेलंही डोक्यातून जात नाही. त्यालाही असले फसवे फोन करायची नोकरी चालून आली होती. 'यूएस प्रोसेस, टेक्निकल सपोर्ट', रात्रपाळी, कॉम्प्युटर फारसा आला नाही तरी चालेल, बोलता आलं पाहिजे. कागदावर लिहिलेलं वाचायचं, घाबरलेला माणूस हाती लागला की 'सीनियर'कडे फोन द्यायचा. मी खराडीला नोकरीला जाते. तिथेच मे २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी अमेरिकन लोकांना फोनवरून धमकावणाऱ्या एका कॉल सेंटरवर छापा घातला. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडला ठाणे पोलिसांनी एका रात्रीत सातशेहून जास्त पोरापोरींना ताब्यात घेऊन चौकशी केली होती. ते अमेरिकेच्या आयकर खात्याचे अधिकारी बनून बोलायचे. २०२३ मध्ये सीबीआयने देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यातल्या दोन प्रकरणांत मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनचीच तक्रार होती की आमच्या नावाने खोटे तंत्रज्ञ फोन करतात. नानांशी मऊ बोलणारा तो कुठे बसला होता कोण जाणे. कुणाच्या तरी घरचा पगार तो असणार, हे मनात येतं. राग त्याने कमी होत नाही.

तुम्ही हिशेबाला पक्के, तेही मला आवडलं. फॉरमॅट, डेटा काढून ठेवणं, सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलणं, ई-मेलचा सगळ्यात आधी, हे सगळं करून तुम्ही नेहमीच्या दराने पैसे घेतलेत आणि पावती दिलीत. फुकट केलं असतंत तर नानांना ते उपकार वाटले असते. "पावती देणारा इंजिनिअर खरा," असं ते आता फाटकाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. तुमच्या धंद्याला या टोळ्यांनी काय केलंय ते तुम्ही बोलता बोलता सांगितलंत: आता तुम्हीच फोन केलात तरी गिऱ्हाईक विचारतं, खरे कशावरून? दुरून जोडणी करायचं जे अ‍ॅप चोर वापरतात तेच तुम्ही पाचगणीच्या, कोरेगावच्या गिऱ्हाइकांसाठी वर्षानुवर्षं वापरत होतात. ते बंद करून आता गाडीला किक मारावी लागते. पेट्रोलचा तो खर्च कुठल्याच तक्रारीत लिहिला जात नाही.

आणखी एक सांगायचंय. जाताना तुम्ही म्हणाला होतात की एकदा फसलेल्याचा नंबर विकला जातो, आता 'गेलेले पैसे मिळवून देतो' म्हणून फोन येईल. आला! गेल्या आठवड्यात. सायबर सेलमधून बोलतोय, प्रोसेसिंग फी भरा, रक्कम उद्याच जमा. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऑफिस कुठे आहे आपलं? मी पावती घ्यायला येतो." फोन कट. नानांनी तो नंबर, तारीख, वेळ कॅलेंडरच्या मागे तुमच्या नोंदीखाली लिहिली आणि १९३० ला स्वतः कळवलं.

आता कामाचं. ज्येष्ठ नागरिक संघात नानांनी परस्पर जाहीर करून टाकलंय की तुम्ही येऊन सगळ्यांना लाल खुणा दाखवणार. तुम्हाला विचारलं का, तर नाही. शनिवारी दुपारी चारला, जमत असेल तर. तुमचा लॅपटॉप आणावा लागेल. नानांच्या मशीनवर तुम्ही फॉरमॅट केल्यामुळे अजून पुरेशा कुरबुरी साठलेल्या नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. येण्याजाण्याचे पैसे संघ देईल, आणि पावती तुम्हाला द्यावीच लागेल.

आईचा नमस्कार.

तुमची,
नानांची मुलगी, पुणे